गिऱ्हाईक आलं किती, गेलं किती?

मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथासाठी म्हसवडला गेले होते. माझी धाकटी जाऊ तिथं असते. कांदा-लसूण चटणी करून ती आधी गल्लीतच विकायची, पण गेल्या डिसेंबरपासून मोबाइलवर विकू लागली. व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा, पैसे फोनवरच जमा, पार्सल कुरिअरनं. पुण्या-मुंबईची माणसं घेतातच. शिवाय माण-खटाव, खानापूर-आटपाडीकडची जी कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, त्यांच्याकडूनही मागणी येते. परमुलखात गावाकडच्या चटणीची चव कुणाला नको!

रात्री जेवणं आटोपल्यावर तिनं वही काढली. “अक्का, लई वाढलंय बघा. पहिल्या तीन महिन्यांत चाळीस गिऱ्हाइकं, मग सत्तर, पावसाळ्यात एकशे दहा आणि आता दिवाळी धरून एकशे सत्तर. मोठं कांडप यंत्र घ्यावं म्हणते. कर्जाचा अर्जसुद्धा आणलाय.”

मी सहज विचारलं, “यातली जुनी किती गं?”

ती गप्प झाली. वहीत नावं होती, तारखा होत्या, पण हा प्रश्न तिनं वहीला कधी विचारलाच नव्हता.

आता, म्हसवडच्या बायकांना हिशेब शिकवणारी मी कोण? याच गावात १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला होता, कारण सभासद होणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, परत गेल्या आणि ‘व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो’ म्हणाल्या. परवाना मिळाला. तेव्हा हिशेबाची भीती इथं नाहीच. नेमकं काय मोजायचं एवढाच प्रश्न होता.

आम्ही दोघी वही घेऊन बसलो. जून ते ऑगस्टमध्ये ज्यांनी चटणी घेतली त्या ११० जणांची नावं एका कागदावर लिहिली. त्यांतल्या ज्यांनी सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागवली त्यांच्यापुढे खूण केली. खुणा झाल्या ६६. म्हणजे ४४ जण फिरकलेच नाहीत.

“एकशे सत्तरात चव्वेचाळीस म्हणजे शेकडा सव्वीस,” जाऊबाईंनी झटकन सांगितलं. “एवढं चालायचंच की!”

इथंच गफलत होते, आणि धंदा वाढता असला की हमखास होते. दिवाळीत नव्यानं आलेली १०४ माणसं या हिशेबात कशी धरायची? ती कालच आली, त्यांना सोडून जायला वेळ तरी मिळालाय का? गेले ते ११० मधून गेले, म्हणून भागायचं ११० नंच. शेकडा ४० झाले! त्याच रीतीनं मागची गळती काढली, तर ४० पैकी १२, म्हणजे शेकडा ३०. मग ७० पैकी २४, म्हणजे शेकडा ३४. धंदा वाढत होता तशी गळतीही वाढत होती, पण नव्यांच्या गर्दीत ती दिसत नव्हती. हंडा तळाशी गळत असला तरी वरून नळ सोडलेला असेल तर भरलेलाच दिसतो. नळ गेला की मग कळतं.

मग त्या ११० जणांचे दोन भाग केले. ४६ जुने, म्हणजे आधी एकदा तरी परत आलेले. त्यांतले फक्त ६ गेले. ६४ जण त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच घेणारे. त्यांतले ३८ गेले! एकदा परत आलेलं माणूस सहसा सोडत नव्हतं; घसरत होतं ते पहिल्या पार्सलनंतर. आणि ते पहिलं पार्सल बाईसाहेब स्वतःच्या खर्चानं पाठवत होत्या, दर पार्सलला ८० रुपये. ३८ गुणिले ८०, म्हणजे ३,०४० रुपये असेच गेले.

आताच्या १७० मध्ये जुने ६६ आणि नवे १०४. हाच वेग राहिला तर येत्या तीन महिन्यांत सत्तरेक जण जातील, आणि केवळ होतं तिथंच राहायला तेवढीच नवी माणसं शोधावी लागतील. यंत्राचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेला. जाऊबाईंचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण कर्ज काढल्यावर उतरण्यापेक्षा हे बरं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या ३८ जणांना फोन लावायला घेतले. लाज वाटत होती तिला, ‘का घेत नाही’ असं विचारायची. मी म्हटलं, तसं विचारूच नकोस, ‘चटणी कशी होती’ एवढंच विचार. ३१ जण बोलले. अकरा जणांकडे पाकीट फुटून तेल बाहेर आलेलं. पाचांना तिखट सोसलं नाही. सहा जण फुकट पार्सलसाठीच आले होते. आणि नऊ जण म्हणाले, “अहो, आम्ही घरात दोघंच. किलोभर चटणी अजून संपली नाही!”

हे नऊ काही गेलेले नव्हेत. ते वजा केले तर ११० पैकी ३५, म्हणजे शेकडा ३२. म्हणून आपल्या मालाला किती दिवस पुरायची सवय आहे ते आधी पाहावं आणि मगच ‘गेला’ म्हणावं. दूधवाल्याचं गिऱ्हाईक आठवड्यात कळतं. पापड-कुरडयांचं कळायला वर्ष लागतं. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करणारी बाई पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिसणारच नाही. मधे खंड पडून परत आलेल्यांना नव्यांत मिसळू नका, वेगळ्या रकान्यात लिहा.

जाऊबाईंनी पाव किलोची पाकिटं सुरू केली, आतून दुसरी जाड पिशवी घातली आणि मध्यम तिखटाचा एक घाणा वेगळा काढला. फुकट पार्सल आता दुसऱ्या खेपेला, पहिल्या नाही. कर्जाचा अर्ज वहीतच घडी करून ठेवलाय. फेब्रुवारी संपला की १७० नावांपुढे पुन्हा खुणा करायच्या, असं ठरलंय.