मोटारीच्या दिव्यांचा मोतीबिंदू



व्याख्यानमालेत तत्त्वज्ञानाचे व अर्थकारणाचे विषय शोभतात; त्यांच्या पंक्तीला मोटारीचे दिवे कशाला, अशी शंका कोणाला येईल. परंतु ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत मोटार आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. रात्री घोडबंदर रस्त्याने किंवा कल्याण-शीळ रस्त्याने जाणाऱ्या मोटारीचे दिवे नीट लागतात की नाही, हा प्रश्न चालवणाऱ्याइतकाच रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचाही आहे. आपल्या जुन्या इमारतींना मोटारींसाठी छप्पर नाही. वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे दिवे हळूहळू दुधी होतात, मग पिवळे पडतात. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. दिव्यावरच्या आवरणाला आपण सवयीने काच म्हणतो. पण ती काच नव्हे. पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला किंवा अँबॅसडरला खरी काच असे. ती दगड लागून फुटे, पण पिवळी पडत नसे. आजचे आवरण पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असते. जर्मनीत बायर कंपनीतील हेर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल फॉक्स यांनी हा पदार्थ १९५३ मध्ये स्वतंत्रपणे शोधून काढला. तो वजनाला काचेच्या निम्म्याहून हलका, हवा तसा वळणारा आणि आघात सोसणारा आहे. त्याचा एकच मोठा शत्रू, तो म्हणजे सूर्य.

उन्हातील जंबुपार किरण या प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. तुटलेल्या तुकड्यांपासून पिवळी द्रव्ये बनतात आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. म्हणूनच कारखान्यात या आवरणावर केसाहूनही पातळ असा कठीण, किरण अडवणारा लेप दिलेला असतो. धूळ, ऊन व वारंवारची घासपूस यांनी तो झिजला की आतले प्लॅस्टिक उघडे पडते. आपल्या अक्षांशावर सूर्य मेच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा येथे हा लेप लवकर हार खातो, यात नवल नाही.

पिवळेपणामुळे प्रकाश शोषला जातो, तर भेगांमुळे तो विखुरतो. म्हणजे रस्त्यावर पडावयाचा प्रकाश कमी होतो आणि जो उरतो तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत पिवळ्या दिव्यांचा प्रकाश नव्याच्या सुमारे २० टक्के भरला. घासून दुरुस्त केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास आला. प्रत्येक गाडीचा आकडा निराळा येईल, पण फरक किती पडतो ते यावरून कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला ११ मीटर जाते. पावसात काळी छत्री घेऊन चाललेला माणूस एक सेकंद उशिरा दिसणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. अशा वेळी पुष्कळजण अधिक प्रखर बल्ब बसवतात. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोष आवरणात आहे. प्रखर बल्बने समोरचा दुचाकीस्वार मात्र अधिक दिपतो.

आता उपाय. प्रथम आवरण साबणाने धुऊन ओल्या बोटाने पुसावे. ओले असेतोवर ते स्वच्छ दिसत असेल, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाचा आहे आणि तो जाण्याजोगा आहे. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब असतील किंवा मागचा चकचकीत आरसाच काळवंडला असेल, तर बाहेरून घासण्यात अर्थ नाही.

ऊन फक्त वरच्या पातळ थरातच बिघाड करते, हे आपले नशीब. तो थर काढावयाचा. भोवतालच्या रंगाला चिकटपट्टी लावून ८०० किंवा १००० नंबरचा वॉटर पेपर, नंतर २०००, शेवटी ३००० नंबरचा, असा क्रम धरावा. पाणी सतत चालू ठेवावे. पहिला कागद आडवा फिरवला तर दुसरा उभा फिरवावा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते कळते. मग रबिंग कंपाउंडने चकाकी आणावी.

येथेच बहुतेकांचे काम थांबते, आणि खरी चूक होते ती येथे. घासताना जुन्या लेपाचा राहिलेला अंशही आपण काढून टाकलेला असतो. ते उघडे प्लॅस्टिक तसेच उन्हात ठेवले, तर काही महिन्यांतच पिवळेपणा परत येतो. म्हणून पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर जंबुपार किरण अडवणारा नवा लेप द्यावा, किंवा तशी पारदर्शक फिल्म चिकटवावी. दोन भाग मिसळून फवारावयाचे लॅकर चांगले टिकते. पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असल्याने ते योग्य मुखवटा वापरणाऱ्या रंगाऱ्याकडूनच करून घ्यावे.

टूथपेस्टने क्षणभर उजळते, कारण तीही बारीक घासतेच. पण ती संरक्षण देत नाही. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन व डास मारण्याचे फवारे यांनी प्लॅस्टिकला तडे जातात, ते टाळावेत. गॅरेजमध्ये काम करून घेताना एकच प्रश्न विचारावा: घासल्यानंतर वरून कोणता लेप देणार? उत्तर मिळाले नाही, तर आपण केवळ चकाकीचे पैसे देत आहो असे समजावे.

लेप वाळण्यास कोरडी हवा लागते आणि जूनमध्ये पाऊस सुरू होतो. तेव्हा हे काम मे महिन्यातच, सावलीत गाडी उभी करून उरकावे. अर्ध्या दिवसाच्या या श्रमाने आपल्याला रस्ता दिसेल, आणि समोरच्यालाही तो दिसत राहील.