स्वस्त टॅबलेटवर लिनक्स : गाडी अडते ती हार्डवेअरच्या ओळखीपाशी

नाशिकच्या इंदिरानगरसारख्या नोकरदार वस्तीत मुलांच्या अभ्यासासाठी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले सात इंची स्वस्त टॅबलेट आज कपाटाच्या खणात पडून असतात, आणि त्यांपैकी अनेक अजून धडधाकट असतात. जुनी झालेली असते ती त्यांतील अँड्रॉइडची आवृत्ती, जिच्यावर नवी अ‍ॅप्स चालत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली बसवता येते का, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच, आयआयटी मुंबईत, ‘आकाश’ टॅबलेटच्या निमित्ताने मिळालेले आहे. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सादर झालेला ‘आकाश-२’ हा डेटाविंड कंपनीचा टॅबलेट सरकारने नगामागे २,२६३ रुपयांना घेतला होता आणि विद्यार्थ्यांना तो १,१३० रुपयांत मिळावा अशी योजना होती. त्यात ऑलविनर कंपनीची ए१३ ही चिप, एक गिगाहर्ट्झचा एकच गाभा आणि ५१२ एमबी स्मृती एवढाच ऐवज होता, तरीही प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पात आयआयटी मुंबईतील तरुणांनी त्यावर मेमरी कार्डावरून उबंटू लिनक्स सुरू करून दाखवले, आणि आतल्या अँड्रॉइडला त्यासाठी हातही लावावा लागला नाही.

हे शक्य झाले ते ए१३च्या रचनेतील एका सोयीमुळे. वीज मिळताच ही चिप स्वतःमध्ये कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली चालवते, आणि ती आज्ञावली टॅबलेटच्या अंतर्गत साठ्याआधी मेमरी कार्ड तपासते. कार्डाच्या सुरुवातीपासून आठ किलोबाइट अंतरावर योग्य खूण असलेला कार्यक्रम सापडला, तर तोच प्रथम चालतो, तो स्मृती जागी करून ‘यू-बूट’ नावाच्या पुढच्या कार्यक्रमाला बोलावतो, आणि यू-बूट लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, कार्डावरून उचलून सुरू करतो. कार्ड काढले की टॅबलेट पूर्ववत होतो, त्यामुळे शिकणाऱ्याला या प्रयोगाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

मात्र कर्नल सुरू झाला म्हणजे टॅबलेट चालू झाला असे नव्हे. मेजावरच्या संगणकातील यूएसबी किंवा पीसीआय जोडणीवरचे उपकरण आपला निर्माता आणि प्रकार स्वतःच कळवते, तर टॅबलेटमधील टचस्क्रीन, हालचाल टिपणारा संवेदक आणि वीजनियंत्रक हे ‘आय-टू-सी’ या दोन तारांच्या जोडणीवर असतात, आणि त्या जोडणीत स्वतःची ओळख देण्याची ठरलेली रीतच नाही. कोणत्या तारांवर, कोणत्या पत्त्यावर काय बसले आहे हे कर्नलला बाहेरून सांगावे लागते. ऑलविनरच्या जुन्या कर्नलसाठी ही माहिती ‘स्क्रिप्ट डॉट बिन’ या फाइलमध्ये असे. आजच्या कर्नलमध्ये ती ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या, हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या स्वतंत्र फाइलमध्ये असते.

पडद्याचे उदाहरण घेतले की या माहितीचे मोल कळते. ए१३ असलेल्या एका सर्वसाधारण सात इंची टॅबलेटसाठी यू-बूटमध्ये जी नोंद आहे, तीत ८०० गुणिले ४८० बिंदूंखेरीज प्रत्येक ओळीच्या डावीकडे ८७, उजवीकडे ४० आणि समकालनासाठी १, तर उभ्या दिशेला वर ३१, खाली १३ आणि समकालनासाठी १ अशी रिकामी जागा सांगितलेली आहे, म्हणजे पडद्याला प्रत्यक्षात ९२८ गुणिले ५२५ एवढ्या ठोक्यांचे चित्र पाठवले जाते. सेकंदाला ३ कोटी ३० लाख ठोके धरले, तर चित्र सेकंदाला सुमारे ६८ वेळा नवे होते. यातले आकडे बरेच चुकले तर चित्र सरकते, थरथरते किंवा उमटतच नाही; आणि मागचा दिवा चालू करणारी तार सांगायची राहिली, तर चित्र असूनही पडदा काळाच दिसतो.

पडदाच काळा असेल तर दोष शोधायचा कसा, यालाही या चिपमध्ये तोड आहे. कार्डाच्या खाचेतील दोन टोके मालिका-संदेशवहनासाठी, म्हणजे एकामागून एक अक्षर पाठवण्यासाठी, वापरता येतात, तेथे ३.३ व्होल्टचा यूएसबी जोडक लावून कर्नलचे संदेश दुसऱ्या संगणकावर वाचता येतात. त्या वेळी खाच अडलेली असल्याने कर्नल यूएसबी तारेतून आत पाठवावा लागतो, आणि त्यासाठीचा ‘फेल’ हा मार्गही त्याच कोरलेल्या आज्ञावलीत आहे.

यातील बराचसा तपशील जगभरच्या ‘लिनक्स-सन्शी’ या स्वयंसेवी गटाने चिकाटीने उलगडून नोंदवून ठेवला, आणि ए१३चा पाया २०१३च्या आरंभी आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आला. चित्रप्रक्रिया करणाऱ्या माली-४०० या भागासाठी ‘लिमा’ हा मुक्त ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये यायला मात्र २०१९ साल उजाडले. टॅबलेटची विक्री त्याआधीच आटोपली होती. माहिती खुली नसल्याने गेलेली ही वर्षे वापरणाऱ्याच्या वाट्याचीच होती, आणि ही हानी गंभीर मानायला हवी.

५१२ एमबी स्मृतीत आजच्या जड संकेतस्थळांची अपेक्षा धरू नये, पण पायथन शिकण्यास, पुस्तके वाचण्यास आणि यूएसबी कळफलक जोडून इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिण्यास ती पुरते. असा टॅबलेट घरात असेल तर त्यातील अँड्रॉइड चालते आहे तोवरच ‘स्क्रिप्ट डॉट बिन’ची प्रत उतरवून ठेवावी, कारण त्या विशिष्ट टॅबलेटच्या पडद्याचे आकडे आणि तारांची मांडणी अनेकदा तेवढ्या एकाच फाइलमध्ये असते.