राजकन्यांचं मटेरियल सायन्स

"तू अजून बाहुल्या खेळतेस?" हा प्रश्न फर्स्ट इयरपासून मला इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तर पाठ झालंय. खेळत नाही, जमवते. सिंड्रेला, स्नो व्हाईट, रॅपन्झेल, जास्मिन, एरियल... सगळ्या मिळून २३ राजकन्या माझ्याकडे आहेत. काही नव्या, बऱ्याचशा सेकंड हँड, दोघींना एकेकच हात. मित्रांनो, गाडी चालवणं आणि गाडीचं इंजिन उघडून बघणं यात जेवढा फरक, तेवढाच खेळणं आणि जमवणं यात आहे. निदान इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये तरी हे समजावून सांगावं लागू नये!

आणि हा किडा फक्त माझ्या डोक्यातला नाही. दिल्लीत शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम आहे, १९६५ पासून. ते उभं केलं प्रसिद्ध व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनी. एका हंगेरियन बाहुलीपासून त्यांना हा नाद लागला. नेहरूंची व्यंगचित्रं काढणारा माणूस बाहुल्या जमवतो तेव्हा ते म्युझियम होतं, आणि मी जमवते तेव्हा रूममेट हसते. असो.

आता मेकॅनिकलवाल्यांनी लक्ष द्यावं. बार्बी ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या टॉय फेअरमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. उंची साडेअकरा इंच, किंमत ३ डॉलर. कल्पना रूथ हँडलर यांची, पण ती प्रत्यक्षात उतरवण्यात मोठा वाटा होता जॅक रायन या इंजिनिअरचा. हा मनुष्य खेळण्यांच्या कंपनीत येण्याआधी रेथिऑनमध्ये स्पॅरो आणि हॉक या क्षेपणास्त्रांवर काम करत होता. (प्लेसमेंटच्या काळात हे वाचून मला फार धीर आला.) १९६५ मध्ये बार्बीचे गुडघे वाकायला लागले. वरून सलग मऊ व्हिनाईल आणि आत लपलेला, टक टक आवाज करत ठरावीक कोनात थांबणारा सांधा. राजकन्येला सिंहासनावर बसता येतं ते या सांध्यामुळे. त्याआधी, १९६४ मध्ये, बार्बीसाठी सिंड्रेलाचा ड्रेस आला होता. एक ठिगळांचा, एक राजवाड्यातला. म्हणजे राजकन्या वेगळी नव्हतीच, बाहुली तीच आणि कपडे बदललेले.

या धंद्याचं अर्थशास्त्र इथेच कळतं. कापड स्वस्त, साचा महाग. धातूचा साचा एकदा बनवला की कंपनी तो वर्षानुवर्षं वापरते. ही युक्ती बार्बीच्याही आधीची. १९३७ मध्ये डिस्नेचा स्नो व्हाईट सिनेमा आला. त्यावरून आयडियल या अमेरिकन कंपनीने जी बाहुली काढली, तिला त्यांच्याच गाजलेल्या शर्ली टेंपल बाहुलीचा साचा वापरला होता. केस काळे केले, कपडे बदलले, झाली स्नो व्हाईट! त्यामुळे मुरलेला कलेक्टर बाहुली हातात घेतली की आधी ड्रेस बघत नाही. तो हनुवटी बघतो, कानामागे बघतो, केस वर करून मानेवरचे आकडे वाचतो.

याच आकड्यांवरून नवखे लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा जुन्या वस्तूंच्या कुठल्याही साईटवर तुम्हाला "१९६६ ची अँटिक बार्बी" भेटेल. पाठीवर खरोखरच १९६६ लिहिलेलं असतं, विकणारा खोटं बोलत नसतो. पण तो आकडा त्या धडाच्या डिझाईनच्या कॉपीराईटचा आहे, ती बाहुली बनल्याचा नाही. तोच आकडा पाठीवर घेऊन नव्वदच्या दशकापर्यंत बाहुल्या कारखान्यातून बाहेर पडत होत्या. मग खरं वय कसं ओळखायचं? धड, डोकं, हात, कपडे सगळं एकत्र बघायचं. सगळ्यात नवीन भाग जेव्हाचा, त्याच्या आधीची ती बाहुली असूच शकत नाही. कंपनीचं नावसुद्धा कामाला येतं. सुरुवातीच्या एरियल टायको कंपनीच्या, आणि टायको १९९७ मध्ये मॅटेलने विकत घेतली. डिस्नेच्या राजकन्या बनवायचं लायसन्स २०१५ च्या अखेरपर्यंत मॅटेलकडे, २०१६ पासून हॅस्ब्रोकडे आणि २०२३ पासून पुन्हा मॅटेलकडे. प्रत्येक वेळी चेहरे बदलले. तीच सिंड्रेला, पण शेजारी शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणीसुद्धा वाटणार नाहीत.

पण माझा खरा जीव अडकलाय तो मटेरियलमध्ये, कारण या सगळ्या राजकन्या हळूहळू मरतायत.

साधा पीव्हीसी म्हणजे आपल्या नळाचा पाईप, टणक. तो बाहुलीच्या गालासारखा मऊ करायचा तर त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, बहुतेक वेळा थॅलेट जातीचा. गोम अशी की हा प्लॅस्टिसायझर पीव्हीसीच्या साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता त्यांच्यामध्ये मुरलेला असतो. मग वर्षं गेली की तो बाहेर येतो. पाय चिकट होतात, त्यावर धूळ बसते, ती पुसली तरी आठवड्याने पुन्हा तेच. उष्णता वाढली की वेग वाढतो, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. हा मऊ व्हिनाईल पॉलिस्टायरीनच्या मुकुटाला किंवा स्टँडला टेकून राहिला तर प्लॅस्टिसायझर तिकडे उतरतो आणि मुकुट चक्क विरघळल्यासारखा होतो. पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट गुंडाळणं तर आणखी वाईट, पिशवी प्लॅस्टिसायझर शोषून घेते. जुन्या बार्बीच्या कानातल्यांमधलं तांबं गंजून कान हिरवे होतात, त्याला कलेक्टर लोक "ग्रीन इअर" म्हणतात. केस उपटून येऊ नयेत म्हणून डोक्यात आतून गोंद लावायची पद्धत होती. तो गोंद पंधरा-वीस वर्षांनी केसांच्या मुळाशी पाझरतो. माझी एक राजकन्या कायम चपचपीत तेल लावल्यासारखी दिसते, आजीला तीच सगळ्यात आवडते!

उपाय आहेत. केस नायलॉन किंवा सरानचे, म्हणजे थर्मोप्लॅस्टिक. पिंजारलेले केस विंचरून गरम पाण्यातून काढले की सरळ होतात, थंड झाल्यावर तसेच राहतात. गडद कापडाचा रंग व्हिनाईलमध्ये उतरला असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं पिंपल्सचं बेन्झॉईल पेरॉक्साईडचं मलम लावून उन्हात ठेवायचं. डाग फिका होतो, पण जास्त वेळ ठेवलं तर कातडीचा रंगही उडतो. भुवया आणि ओठांच्या जवळ तर हे मलम नेऊच नये.

आता कलेक्टर मंडळींमधला सगळ्यात मोठा वाद. डबा उघडायचा की नाही? न उघडलेल्या बाहुलीला "एनआरएफबी" म्हणतात, म्हणजे डब्यातून कधीच न काढलेली. तिची किंमत उघडलेल्या बाहुलीपेक्षा बरीच जास्त. पण आत बघा काय असतं: केस पुठ्ठ्याला टाके घालून शिवलेले, मनगटाला रबर आवळलेलं, गडद झगा अंगाला चिकटलेला. डबा धूळ अडवतो, रसायनशास्त्र अडवत नाही. माझ्याकडे एक सीलबंद स्नो व्हाईट होती, दोन वर्षांच्या खाऊच्या पैशांची. बाबांचा सल्ला होता, दहा वर्षं हात लावू नकोस, भाव वाढेल. मागच्या दिवाळीत प्लॅस्टिकच्या खिडकीतून मला तिच्या दंडावर निळसर झाक दिसली. तीन दिवस विचार केला आणि ब्लेडने सील कापलं. रबर पिवळं पडून मनगटाला चिकटलेलं, चोळीचा निळा रंग दंडात अर्धा मिलिमीटर तरी उतरलेला. बाबा म्हणाले, "गेले पैसे!" गेलेच. पण आज तिचा दंड गोरा आहे.

परदेशातून नवीन मागवणं हा पर्याय आपल्यासाठी जवळजवळ संपलाय. खेळण्यांवरची इम्पोर्ट ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. म्हणून रद्दीवाले, जुना बाजार आणि परदेशी राहणाऱ्या मावश्या, एवढ्यावरच माझी भिस्त आहे.

तुमच्या घरी माळ्यावर एखादी केस पिंजारलेली राजकन्या पडलेली असेल तर फेकू नका. आधी पिशवीतून बाहेर काढा, रबरं कापा, कानातली असतील तर उतरवा, पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळा आणि पत्र्याखालच्या माळ्यावरून खालच्या कपाटात आणा. आणि अगदीच नको असेल, तर लेडीज हॉस्टेलच्या गेटवर माझ्या नावाने ठेवा. एक हात नसला तरी चालेल.