तेंदूपत्त्याचे पैसे सोडणारं गाव

"आदिवासी जंगल तोडतात" असं कुणी म्हणालं, की मी पाचगावचं नाव काढतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यातलं हे छोटंसं गोंड गाव. वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला, हजारेक हेक्टरवर.

मग गावाने काय केलं? तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान, तोडणं बंद! ऐन उन्हाळ्यात हातात रोख देणारं हे काम. पण कोवळी, मोठी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, खाली आग लावतात. आगीत नवी रोपं जातात, आणि छाटलेल्या झाडाला टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, कुठून लागणार? ती माणसं खातात, पाखरं-जनावरंही. म्हणून गावाने बांबूवर भर दिला. तोडणीचे नियम ग्रामसभेचे, विक्रीही तिचीच.

तिकडे गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने बांबूची हीच वाट आधी धरली होती. हक्क 2009 मध्ये मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यांसाठी 2011 उजाडलं.

'भोळे' आणि 'जंगलाचे शत्रू' ही दोन्ही लेबलं एकाच आदिवासी माणसाला लावतात, याची मला गंमत वाटते. वर्षभराच्या कमाईचा हिशेब मांडून आगीला नाही म्हणणारी माणसं भोळी कशी?