जे टाइप केलं, तेच वाचणार

आमच्या जिल्ह्याचं नाव कुणी बुलढाणा लिहितं, कुणी बुलडाणा. वाचणाऱ्याचं काही अडत नाही. मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मात्र एकदा ‘ढा’ म्हणतं, एकदा ‘डा’. समोर जे आहे तेच वाचायचं, इतकं ते सरळ आहे. गैरसमज आपल्याकडेच जास्त.

गैरसमज : ही एआयची कालपरवाची करामत.
वस्तुस्थिती : भात्यावर बोलणाऱ्या यंत्राची माहिती वोल्फगांग फॉन केम्पेलेनने १७९१ सालीच पुस्तकात छापली होती. छापील पान वाचणारं रे कर्झवाइलचं यंत्र १९७६चं. २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ते आजही फुकट मिळतं. त्यातल्या ‘ईस्पीक’ या आवाज देणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आहे. पण वेग खूप वाढवला तरी शब्द कळतात, म्हणून सरावलेले लोक गोड आवाज सोडून असाच आवाज लावतात. माणसासारखे आवाज आले ते २०१६च्या ‘वेव्हनेट’ या आवाज घडवणाऱ्या एआय तंत्रानंतर.

गैरसमज : हे फक्त अंधांसाठी.
वस्तुस्थिती : २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमताही आहे; डिस्लेक्सिया त्यातलाच. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची अक्षरांशी झटापट होते, धडा समजण्याशी नव्हे. कानावर पडला की तो कळतो. लिहिणाऱ्यालाही याचा उपयोग आहे. आपलंच लिखाण वाचताना राहून गेलेला शब्द डोळा स्वतःच भरून घेतो, कान तिथे अडखळतो.

गैरसमज : याला मराठी जमत नाही.
वस्तुस्थिती : अर्धा दोष आपल्या फाइलींचा आहे. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘आई’ टाइप केलं, तर पडद्यावर आई दिसते. संगणकात मात्र व्ही, के, बी, झेड ही इंग्रजी अक्षरं साठतात. कृतिदेव हा फक्त त्या अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा. सॉफ्टवेअर मुखवट्याखालचं वाचतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, यंत्र बिघडलं. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसता फोटो. अक्षरओळख केल्याशिवाय त्यात वाचण्यासारखं काहीच नसतं. युनिकोडमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठतं, त्यामुळे त्यात टाइप केलेला मजकूर मात्र साधा मोबाइलही वाचतो.

उरलेला दोष खरा आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा. ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ दिसायला सारखे, उच्चारात वेगळे. तिथे यंत्र चुकू शकतं. आणि आपल्या वऱ्हाडीत ‘काळा’चा ‘काया’ होतो, हे त्याला कोण सांगणार? आजीच्या बोलण्याची अपेक्षा त्याच्याकडून एवढ्यात नको.

ग्रामपंचायतीची सूचना असो की शाळेचं परिपत्रक, युनिकोडमध्येच टाइप करा, आणि ग्रुपवर टाकण्याआधी एकदा मोबाइलकडून वाचून घ्या.