एकेचाळिसाव्या वर्षीं उघडलेलें दार

आपल्या घरांतून मुलांच्या वयाचा हिशेब फार लौकर मांडला जातो. बाविसाव्या वर्षीं पदवी, पंचविसाव्या वर्षीं नोकरी, तिशीच्या आंत लग्न. यांपैकीं एखादी पायरी चुकली कीं वडील मंडळींची बैठक भरते. असा हिशेब मांडण्याचें काम मीं शाळेच्या खुर्चीवर बसून पस्तीस वर्षें केलें आहे. तेव्हां त्यांत काय उणें राहतें, हें मला दुसऱ्या कोणीं सांगावयास नको.

गेल्या श्रावणांत आमच्या मेढ्याच्या घरीं अशीच बैठक बसली. धाकट्या बंधूंचा मुलगा मुंबईस एका कंपनींत कारकुनी करतो. वय एकोणतीस. कंपनीच्या संघांतून तो क्रिकेट खेळतो आणि फिरकी गोलंदाजी करतो. बढतीची परीक्षा त्यानें दोन वेळां चुकविली. दोन्ही वेळां कारण एकच, त्या दिवशीं सामना होता. धाकटी भावजय मला म्हणाली, "अण्णा, तो तुमचा शब्द मोडीत नाहीं. आतां हें खूळ सोड म्हणून तुम्हींच त्याला लिहा." मीं कागद पुढें ओढला. परंतु पोराचा एक दाखला मनांत सलत होता. कोणी कांहीं बोललें कीं तो म्हणे, "अण्णाकाका, प्रवीण तांब्यांकडे पाहा!" म्हटलें, निवाडा देण्यापूर्वीं एकदां खरोखरच पाहावें.

श्री. प्रवीण तांबे यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९७१ रोजीं मुंबईस झाला. तारुण्यांत ते मध्यम वेगानें चेंडू टाकीत. ओरिएंट शिपिंग या कंपनीच्या संघांतून खेळत असतां संघनायकाच्या सांगण्यावरून त्यांनीं वेग सोडला आणि मनगटाची फिरकी, जिला लेग-स्पिन म्हणतात, ती हातीं घेतली. गोलंदाजींतील ही सर्वांत अवघड विद्या समजतात. मनगट क्षणभर आधीं वा उशिरां वळलें तर चेंडू फलंदाजाच्या पुढ्यांत आयता येऊन पडतो. इतर मुलें जी विद्या शाळकरी वयांत घोटतात, ती तांब्यांनीं नोकरीच्या वयांत आरंभिली.

पुढें वर्षामागून वर्षें त्यांचें क्रिकेट कार्यालयांच्या आणि क्लबांच्या सामन्यांतच गेलें. मुंबईची कांगा लीग ही १९४८ सालीं सुरू झालेली पावसाळी स्पर्धा. खेळपट्टी ओली, गवत वाढलेलें, आणि प्रेक्षक म्हणावे तर छत्र्या घेतलेले चारदोन वृद्ध. तेथें घेतलेल्या बळींची बातमी दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्राच्या कोपऱ्यांत एका ओळींत येते, तीहि आली तर. चाळिशी उलटली तरी रणजी करंडकाच्या सामन्यांत मुंबईकडून खेळणाऱ्या अकरा जणांत त्यांचें नांव कधीं लागलें नाहीं. यांत कोणाचें वैर नव्हतें. मुंबईच्या दारांत गर्दीच एवढी कीं मागच्या माणसाचा हात कडीपर्यंत पोहोंचत नाहीं.

७ मे २०१३ रोजीं राजस्थान रॉयल्स या संघानें त्यांना आय.पी.एल.च्या सामन्यांत उतरविलें, तेव्हां त्यांचें वय एकेचाळीस होतें. संघनायक राहुल द्रविड यांचा जन्म १९७३ चा; म्हणजे नायक वयानें धाकटा आणि नवशिका वडील! त्याच वर्षींच्या चॅंपियन्स लीगमध्यें तांब्यांनीं १२ बळी घेतले. त्या स्पर्धेंत याहून अधिक कोणास मिळाले नाहींत. ६ ऑक्टोबरला दिल्लीस झालेला अंतिम सामना राजस्थानचा संघ हरला. द्रविड आणि तेंडुलकर यांचा वीस षटकांच्या खेळांतील तो शेवटचा सामना होता. आणि त्या दोघांहून वयानें मोठे असलेले तांबे त्या दिवशीं आपलें पहिलें वर्ष पुरें करीत होते. त्यानंतर त्याच हंगामांत मुंबईनेंहि त्यांना रणजी सामन्यांत घेतलें.

५ मे २०१४ रोजीं अहमदाबादेस कोलकात्याचा संघ १७१ धावांचा पाठलाग करीत एकहि गडी न गमावितां १२१ पर्यंत गेला होता. तेथून अवघ्या दोन धावांत सहा गडी बाद झाले. त्यांतले तीन तांब्यांनीं लागोपाठ घेतले. पहिला फलंदाज वाइड चेंडूवर यष्टिचीत झाला. वाइड चेंडू षटकांत मोजीत नाहींत, म्हणून हिशेबांत ते तीन बळी दोनच चेंडूंत मिळाले असें म्हणावें लागतें. राजस्थाननें सामना १० धावांनीं जिंकला. त्या वेळीं तांबे बेचाळीस वर्षांचे होते.

एवढें वाचून कोणीहि भुलेल. २०२२ सालीं त्यांच्या आयुष्यावर 'कौन प्रवीण तांबे?' हा चित्रपट निघाला, आणि तो पाहून पुष्कळ तरुण भुललेहि असतील. कारण चित्रपटांत वीस वर्षांची प्रतीक्षा दोन तासांत संपते. आपण मात्र वहीच्या दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. वीस षटकांच्या सामन्यांत एका गोलंदाजाच्या वांट्यास फार तर चार षटकें, म्हणजे चोवीस चेंडू येतात. आय.पी.एल.मधील त्यांची एकूण मिळकत ३३ सामने आणि २८ बळी. २०१६ त ते गुजरातच्या संघाकडून खेळले. २०१७ त हैदराबादनें त्यांना घेतलें, पण एकहि सामना खेळविलें नाहीं. २०१८ त ते अरब अमिरातींतील दहा षटकांच्या स्पर्धेंत खेळले. पुढें वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं कोलकात्यानें त्यांना घेतलें, तों परदेशांतील त्याच स्पर्धेमुळें ते नियमाप्रमाणें अपात्र ठरले. अखेर २०२० त त्याच मालकांच्या त्रिनिदादच्या संघाकडून ते कॅरिबियन बेटांवरील स्पर्धेंत उतरले; त्या स्पर्धेंत खेळणारे ते पहिले भारतीय.

आमच्या जावळींतून पिढ्यान् पिढ्या माणसें मुंबईच्या बाजारपेठांत ओझीं वाहावयास गेलीं. ज्या गाळ्यावर माल उतरेल तेथें खांदा द्यावयाचा. संध्याकाळीं गाळा मालकाचा, आपली फक्त मजुरी. तांब्यांची खेळांतली चाकरी याच जातीची. अमेरिकेंतील बेसबॉल या खेळांत तर अशा माणसांचा स्वतंत्र वर्गच आहे. चेंडू फेकणारा मुख्य गडी थकला किंवा मार खाऊं लागला कीं बाजूस ताटकळत असलेल्या दुसऱ्याला बोलावितात. दुसऱ्यानें बिघडविलेला डाव त्यानें सांवरावयाचा, आणि काम झालें कीं पुढच्या वर्षीं कदाचित् दुसऱ्याच गांवच्या संघाची वाट धरावयाची. सॅचेल पेज हा कृष्णवर्णी खेळाडू अनेक वर्षें संघामागून संघ फिरला, कारण १९४७ पर्यंत त्याच्या वर्णाच्या लोकांना तेथील मोठ्या संघांचीं दारें बंद होतीं. ९ जुलै १९४८ रोजीं क्लीव्हलंडच्या संघाकडून तो प्रथम मैदानांत आला, तोहि असाच मदतीचा फेकणारा म्हणून, वय बेचाळीस. त्याचें दार अन्यायानें बंद होतें, तांब्यांचें गर्दीनें. परंतु दार उघडलें त्या क्षणीं दोघांचाहि हात तयार होता, हें खरें.

तर मग पुतण्याचा दाखला बरोबर ठरला काय? येथें मला दुसरें एक नांव आठवलें. श्री. पद्माकर शिवलकर यांनीं डाव्या हाताच्या फिरकीनें प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यांत मद्रासेस त्यांनीं पहिल्या डावांत १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावांत १८ धावांत ५ बळी घेऊन सामना तिसऱ्या दिवसाच्या आरंभींच संपविला. तरीहि भारताच्या कसोटी संघांत त्यांना एकदांहि जागा मिळाली नाहीं. कारण तीच कला जाणणारे बिशनसिंग बेदी त्या जागेवर होते. २०१७ सालीं मंडळानें त्यांचा गौरव केला, आणि मार्च २०२५ मध्यें ते वारले. गुणांत उणें कोठें होतें? मुळींच नाहीं. तेव्हां धीर धरला कीं दार उघडतेंच, असा सिद्धांत तांब्यांच्या चरित्रावरून काढणें म्हणजे एका आंब्यावरून साऱ्या बागेचें पीक मोजणें होय. शिवलकरांना निदान रणजीचें अंगण तरी लाभलें. कांगा लीगच्या चिखलांत वयें घालवून नांवावांचून घरीं परतलेल्यांची तर गणतीच नाहीं.

मग त्या चरित्रांतून घ्यावयाचें काय? मला वाटतें तें असें. तांबे एकेचाळिसाव्या वर्षीं पोहोंचले यापेक्षां चाळिसाव्या वर्षींहि ते कोणी पाहत नसतां तोच चेंडू तितक्याच निष्ठेनें टाकीत होते, हें मोठें. समजा, तें दार उघडलेंच नसतें, तर तीं वर्षें वाया गेलीं असें आपण म्हणालों असतों. पण तो आपला हिशेब. ज्यानें तीं जगलीं त्याचा नव्हे. दुसरें असें कीं, ते बायकामुलांचे धनी होते, आणि मैदानाच्या जोडीला त्यांना पोटासाठीं नोकरी पाहावी लागली. ही बाजू माझ्या पुतण्यानें दाखला देतांना सोयीस्करपणें गाळली होती. आणि पहिली बाजू, कबूल केलें पाहिजे, आम्ही वडील मंडळींनीं गाळली होती.

म्हणून मीं जें पत्र लिहिलें तें भावजयीनें सांगितलें त्याहून निराळें झालें. मीं लिहिलें: "चि. बाळ, खेळ सोड असें मी म्हणत नाहीं. परंतु तांब्यांचें नांव घेऊन परीक्षा चुकवूं नकोस. परीक्षेच्या दिवशीं सामना सोड, आणि सामन्याच्या दिवशीं आम्हीं कांहीं म्हटलें तरी सामना सोडूं नकोस. तूं कोठवर पोहोंचशील हें मी तुला पुन्हां विचारणार नाहीं."

पत्र धाडण्यापूर्वीं मीं तें भावजयीला वाचून दाखविलें. शेवटचें वाक्य ऐकून ती कांहीं वेळ बोलली नाहीं, मग म्हणाली, "तें वाक्य राहूं द्या." कार्तिकांत त्याचा निरोप आला: परीक्षा दिली, निकाल यावयाचा आहे; रविवारीं बारा षटकें टाकलीं, बळी एक.