विद्युत्साठ्याची रंगपरीक्षा

सूर्याची व वाऱ्याची वीज मागणीच्या वेळी हाती येईलच असा भरवसा नसल्यामुळे ती साठवून ठेवण्याची जी साधने आज पुढे येत आहेत, त्यांत व्हॅनेडियमच्या प्रवाही बॅटरीचे महत्त्व विशेष आहे. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-काझाकोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या या बॅटरीत, गंधकाम्लात विरघळवलेल्या व्हॅनेडियमची दोन द्रावणे दोन स्वतंत्र टाक्यांत असतात आणि पंपांच्या साहाय्याने एका पातळ पटलाच्या दोन अंगांनी खेळती ठेवली जातात.

साठा किती शिल्लक आहे हे ठरवण्यासाठी घटाचा विद्युत्दाब मोजण्याची वहिवाट आहे. परंतु पटलातून झिरपणारे आयन आणि ऋण बाजूच्या द्रावणाचे ऑक्सिडीकरण करणारी हवा यांमुळे दोन्ही टाक्यांचा मेळ हळूहळू बिघडत असता, दोन खात्यांची एकच गोळाबेरीज दाखवणारा हा आकडा तूट नेमकी कोणत्या खात्यात आहे हे सांगू शकत नाही.

ती साक्ष रंग देतो. ऋण टाकीतील हिरवे द्रावण भारित होता होता जांभळे होते, तर धन टाकीतील निळे द्रावण पिवळे होते. म्हणून प्रत्येक द्रावण पारदर्शक पात्रातून वाहते ठेवून त्यातून प्रकाश सोडावा आणि कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला गेला हे मोजावे, म्हणजे त्या त्या टाकीची स्थिती स्वतंत्रपणे कळते. शोषण द्रव्याच्या प्रमाणानुसार वाढते, हा बेर यांनी १८५२ मध्ये मांडलेला नियम ऋण बाजूस पुष्कळसा लागू पडतो. धन बाजूस मात्र अर्ध्या भाराच्या सुमारास द्रावण निळे नसते, पिवळेही नसते, तर जवळजवळ काळे दिसते. कारण व्हॅनेडियमची दोन रूपे एकत्र येऊन जो जटिल आयन बनतो, तो त्या दोहोंच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश गिळतो. अशा वेळी द्रावणाचा थर अत्यंत पातळ ठेवून, ज्ञात प्रमाणाच्या मिश्रणांच्या वर्णपटांशी त्याचा वर्णपट ताडून पाहावा लागतो.

एवढा खटाटोप सार्थ आहे, कारण निदानावर उपाय अवलंबून असतो: झिरपण्याने आलेला असमतोल दोन्ही द्रावणे पुन्हा एकत्र मिसळून दूर करता येतो, पण हवेने घडवलेल्या ऑक्सिडीकरणावर ती मात्रा चालत नाही, तेथे रासायनिक किंवा विद्युत्-रासायनिक उपचारच करावा लागतो, आणि ज्या बॅटरीतील व्हॅनेडियम वापराने नष्ट होत नाही, तिचे दीर्घायुष्य अशा वेळेवर झालेल्या निदानावरच विसंबून आहे.